कम्प्युटर बंद पडायची वाट

पंचशीलाने वाक्य संपवून पूर्णविराम दिला आणि त्याच क्षणी कम्प्युटरचा पडदा काळा झाला. डोक्यावर पंखा मात्र फिरतच होता.

"गेला?" स्वयंपाकघरातून रामकिशनने विचारले.

"गेला."

"मी सांगून राहिलो, एकदा रबर मारू दे."

पंचशीला बिलोलीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मातीतून पाणी कसे झिरपते, यावर तिचा पीएच.डी.चा प्रबंध होता आणि तो सोमवारी नांदेडला विद्यापीठात द्यायचा होता. मुदतवाढ घेऊन झाली होती. आता तारीख चुकली तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचे काम पाण्यात.

"या दुष्काळात कामाला तरी पाणी मिळंल," रामकिशन म्हणाला. ती हसली नाही.

रामकिशन पंचायत समितीत क्लार्क होता आणि तिथल्या सगळ्या कम्प्युटरांचा स्वयंघोषित डॉक्टर. त्याने डबा उघडला, आतली रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, फुंकर मारली, उघड्या डब्यासमोर टेबलफॅन लावला. कम्प्युटर दुपारभर चालला आणि संध्याकाळी पुन्हा गेला. मग रामकिशनने त्याला फॉरमॅट मारला. त्यात लग्नाचे फोटो गेले, आजार तसाच राहिला. प्रबंध पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचला आणि रामकिशनही वाचला.

"नवा घेऊन टाकू," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला किती दिवस औषधं पाजायची?"

"नवाही इथं येऊन बंद पडला तर? आधी कारण तरी कळू द्या."

"त्याला बी ऊन लागलं आसंल," नागुबाई म्हणाल्या. रामकिशनच्या या आईला कम्प्युटरचे वावडे नव्हते. त्याच्या शेजारच्या मेलेल्या यूपीएसवर त्यांची पानाची चंची असायची. "रांजणाजवळ नेऊन ठिव."

शेवटी कम्प्युटर बसस्टँडजवळ मलप्पाच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. दोन दिवसांनी मलप्पाच तो घेऊन आला, जोडून दिला, चहा प्यायला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच पडदा काळा. पंचशीलाने त्याला हाक मारून परत आणले.

"वहिनी, माझ्याकडं यानं दिवसभर गाणे वाजवले," मलप्पा दुखावल्या आवाजात म्हणाला. "तुमच्या घरी येऊनच कामून रुसतो?"

पंचशीलाला हा प्रश्न आवडला. दुकानात चालतो आणि घरात बंद पडतो, म्हणजे पाहायला हवे ते घराकडे. पुढच्या वेळी कम्प्युटर गेला तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलेच नाही. तिने पंख्याकडे पाहिले. पंख्याने किंचित आचका दिला होता. मग गल्लीच्या तोंडाशी भगवानरावांच्या बादल्या वाजल्या.

गल्लीला नळाचे पाणी एक दिवसाआड यायचे, तेही कधी येईल याचा नेम नसायचा आणि आले तरी थोडाच वेळ. सगळ्या घरांना मिळून एकच पाइप, आणि त्या पाइपवर प्रत्येक घराची मोटार. भगवानरावांचे घर पहिले, त्यामुळे त्यांना आधी कळायचे. त्यांची मोटार घुमली की शेजारचा लावायचा, मग त्याच्या शेजारचा. पंचशीलाचे घर सगळ्यात शेवटी. तिथे बातमी पोचेपर्यंत नळातून नुसती हवा यायची.

"मोटार सुरू होताना एकदम वीज ओढते," तिने घरात सांगितले. "आपल्या गल्लीची तार जुनी आहे, सगळ्यांचा विजेचा दाब क्षणभर पडतो. पंखा ते सोसतो. याचा पॉवर सप्लाय म्हातारा झालाय, त्याला सोसत नाही. तेवढाच बदलायचा. नवा कम्प्युटर नको."

नागुबाईंनी पान चघळत विचार केला. "म्हंजी हे बंद पडलं की पाणी आलं?"

"तसंच."

"मंग बिघडलं कुठं? चांगलं चालून राहिलंय की!"

मलप्पा नवा पॉवर सप्लाय घेऊन येणार त्याच्या आदल्या दिवशी पडदा काळा झाला. पंचशीला हळहळते आहे तोवर नागुबाई गरजल्या, "रामकिशन, मोटार लाव!" त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांचा ड्रम काठापर्यंत भरला.

नागुबाईंच्या घरात ड्रमभर पाणी राहिले, पण पोटात गोष्ट राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मलप्पा खोका काखेत घेऊन आला, तर दारात भगवानराव आडवे.

"हात लावायचा न्हाई! मॅडम, ही मशीन आता गल्लीची हाय. आम्ही सारखं मोटार लावून-लावून बघतो, किती मोटारी जळल्या."

"भगवानराव, सोमवारी माझा प्रबंध द्यायचाय. शेवटचं प्रकरण राहिलंय."

"कशावर हाय म्हणे?"

"पाण्यावर."

"लिव्हलेलं पाणी घागरीत येतं का गं?" नागुबाईंनी आतून विचारले. मग सुनेचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "उद्याची पाळी हाय. तेवढं भरू दे, मंग बदल. म्या सोता बदलून घेते."

पंचशीलाने मान डोलावली. शेजाऱ्यांना घागरीविना ठेवून पाण्यावर लिहायचे तिला जमले नसते.

भगवानरावांनी गल्लीला नियम घालून दिला: उद्या कोणी उगीच मोटार लावून बघायची नाही, मशीन फसेल. कम्प्युटर बंद पडला की नागुबाई हाक मारतील, मगच बटण दाबायचे.

रविवारी दुपारपासून पंचशीलाच्या खोलीत माणसे जमली. बाकीचे आपापल्या घरी मोटारीच्या बटणाशी बसले. तिच्या अंगणातला नळ नेहमीप्रमाणे उघडाच होता, आला तर येऊ दे म्हणून. ती दर ओळीला सेव्ह करत टाइप करत होती. कम्प्युटर चालू राहावा असे त्या खोलीत एकट्या तिलाच वाटत होते.

"मॅडम, ही आकृती कशाची?" भगवानरावांनी विचारले.

"माठ पाझरतो ना, तसंच आहे ते."

"त्याला डॉक्टरकी मिळती? आमचा माठ तर लई पाझरतो."

"गप बसा वो, काम करून राहिली लेकरू," नागुबाई म्हणाल्या आणि लगेच पडद्याकडे पाहून उसासल्या, "आजून कसं जाईना?"

"एकदा आपला नवा जिल्हा झाला ना," भगवानराव म्हणाले, "तर चोवीस तास पाणी. पलीकडं तेलंगणात बघा, नवे जिल्हे करायचं चाललंय."

"जिल्हा झाल्यावर ढगाला कळवणार कोण?" मलप्पाने विचारले.

ऊन उतरले. चहा झाला. पंचशीलाची बोटे पळत होती. निष्कर्ष झाले, संदर्भ झाले, आभारही झाले. कम्प्युटर घरघरत राहिला.

"बिघडला वाटतं," भगवानराव अखेर काळजीने म्हणाले. "मलप्पा, बघ की रे. बंदच पडंना!"

पंचशीलाने प्रबंध पेनड्राइव्हवर घेतला, तो काढून मुठीत धरला आणि खुर्चीला पाठ टेकली. की-बोर्डची टकटक थांबली. तेव्हा तिला आवाज आला. ती उठून अंगणात गेली. उघड्या नळातून करंगळीएवढी धार शांतपणे वाहत होती. ड्रम भरून पाणी मोगऱ्याच्या आळ्यात उतरले होते आणि तिथून चिखल दारापर्यंत आला होता.

ती हसू लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. "आत्याबाई, पाणी केव्हाचं आलंय! कुणी मोटारच लावली नाही, तर हा बंद पडणार कसा?"

खोलीत जी धावपळ उडाली, तीत मलप्पाचा खोका कोणाच्या तरी रिकाम्या बादलीत गेला. भगवानराव दाराबाहेर पडले तोच ती ओरडली, "मोटार नको! नुसता नळ उघडा!" आणि थोड्याच वेळात घरोघरच्या बादल्या वाजू लागल्या. भगवानराव आपल्या नळाखाली हात धरून उभे होते. "मोटारीबिगर येतंय," ते पुनःपुन्हा म्हणत होते. "पण आज वरून जोर असंल. रोज थोडंच असं येणार?"

"बरोबर हाय," नागुबाई चटकन म्हणाल्या. "म्हणून नळ उघडे ठेवा आन् कम्प्युटर बंद पडल्याबिगर मोटारीला हात लावू नका. पडला की म्या हाक मारते."

सोमवारी पंचशीला नांदेडला प्रबंध देऊन, पोचपावती पर्समध्ये घालून घरी आली, तेव्हा मलप्पा डब्याचा शेवटचा स्क्रू पिळत होता. आत नवा पॉवर सप्लाय बसला होता.

"वहिनी, आता साऱ्या गल्लीनं मोटारी लावल्या तरी हा हलत नसतो," मलप्पा म्हणाला.

"आणि भगवानराव? ते तर हाकेची वाट बघत बसतील."

"बसू दे की," नागुबाई म्हणाल्या.

"हे खोटं झालं, आत्याबाई."

"खोटं कुठं?" नागुबाईंनी पानाला चुना लावला. "बंद पडला की सांगते म्हणले. पडू दे, सांगीन."