सायलेन्सरपुढं रुमाल धरणारा नथूशेठ

चालू गाडीच्या सायलेन्सरपुढं काठीला पांढरा रुमाल बांधून बसलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत तो रोज दिसायचा. नथूशेठ म्हात्रे. माझ्या डोक्यावरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, एकटा. गावची जमीन शहरात गेली, बदल्यात दोन फ्लॅट आले, म्हणून शेठ. पोरं करंजाड्याला राहायला गेली. स्वतःला काम नाही, म्हणून सगळ्यांच्या कामात असतो.

त्याचा सवाल एकच. "पैसं कोनी दिलं?" टीव्हीवर डॉक्टर कुठली टूथपेस्ट चांगली म्हणाला की नथूशेठ टीव्हीला विचारतो. सत्यनारायणाला भटजी यजमानाचं कौतुक करायला लागले, तिथंही विचारलं. भटजी पुढच्या वर्षी आले नाहीत.

मी साताऱ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं मार्केटात पोती वाहिली. मला तो सातारकर म्हणतो आणि रोज भांडतो. पाण्यावरून, पार्किंगवरून, काहीच नसलं तर हवेवरून.

गेल्या वर्षी एका कंपनीची स्टाफची बस आमच्या गेटला लागायला लागली. बरोबर माझ्या तळमजल्याच्या खिडकीखाली. साहेब लोकांना चढताना गार वाटावं म्हणून ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवायचा. बस म्हणे बायोडिझेलची. हॉटेलातलं वापरलेलं तेल साफ करून त्याचं इंधन करतात. धुराला तळणाचा वास. पहिल्या दिवशी त्या वासानं जाग आली आणि मी हौसाला हाक मारली, म्हणलं एवढ्या सकाळी भजी कशाला. हौसा, माझी बायको, आधीच्या पावसाळ्यातच गेलेली. दमा होता. धुरानं गेली का वयानं, डॉक्टर नीट बोलला नाही. आता सकाळी मला खोकला सुटायला लागला. वर नथूशेठला ऐकू जायचा.

त्यानं तक्रार केली. कंपनीचा साहेब सोसायटीच्या मिटिंगला आला, सोबत सामोसे आणि एक अहवाल. कागद असा गुळगुळीत की माशी घसरावी. धूर एकदम स्वच्छ आहे असं त्यात लिहिलेलं. सेक्रेटरी सामोसा खात म्हणाले, वास तर घरच्यासारखाच येतो. नथूशेठनं आपला सवाल टाकला. साहेब म्हणाला, आमच्याच कंपनीनं तपासणी करून घेतली.

"मासली इकनाऱ्या कोलिनीला इचारलास, मावरा ताजा हाय का, त ती काय नाय बोलंल?"

लोक हसले. सामोसे संपले. बस राहिली.

मग नथूशेठनं स्वतःचं संशोधन काढलं. एक रुमाल बसच्या सायलेन्सरपुढं, एक डिझेलवर चालणाऱ्या पाण्याच्या टँकरच्या. गॅलरीत काळे रुमाल वाळत घातलेले, नवीन माणसाला वाटायचं घरात सुतक आहे. रुमाल संपले तेव्हा, ही बस ज्याच्याकडं तेल भरत नाही त्या जवळच्या डिझेल पंपाच्या मालकानं पांढऱ्या कापडाचं अख्खं थान पाठवलं. नथूशेठ खुश. लोक जागे झाले म्हणाला.

मी म्हणलं, "शेठ, पैसे कोणी दिले?"

त्याचं तोंड कानफटात बसल्यासारखं झालं. दुपारी रिक्षानं थान परत देऊन आला. त्या थानातून काढलेले रुमाल फेकले आणि लेकाच्या लग्नात आहेरात आलेला कोरा पांढरा सदरा फाडून पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या मिटिंगला निकाल सांगितला. "डिझेलपरीस कमी काला हाय." सेक्रेटरींनी टाळी वाजवली. "पन काला हाय. आनि जो धूर रुमालाव दिसत नाय, तो कुठं जातो?"  त्या दिवशी सामोसे नव्हते, म्हणून मिटिंग लवकर संपली. बस राहिलीच.

जिन्यात मी त्याला झापलं. खिडकी माझी, छाती माझी, तुला काय करायचंय. आणि मी तरी ती छाती कोणासाठी जपू.

एरवी ओरडून बोलणारा माणूस, एकदम हळू बोलला. "वयनी गेली तवा तू किती दिस माज्याशी भांडला नाय, सातारकर. घर खायाला उठायचं. तू पन गेलास त मी कोनाशी भांडू?"

 मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघतो तर नथूशेठ बसच्या मागं, सायलेन्सरसमोर खुर्ची टाकून बसलेला. रुमाल नाही, काठी नाही. धूर सरळ तोंडावर. ड्रायव्हर खाली उतरला. काका, उठा, त्रास होईल, म्हणाला. नथूशेठनं पेपर उघडला. ड्रायव्हर जालन्याकडचा, कोणाचा तरी लेकच. परत बसमध्ये चढला आणि त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद.

आता रोज असंच चालतं. खुर्ची दिसली की चावी फिरते. कंपनीला पत्ता नाही.

खुर्चीच्या त्या पहिल्या दिवशी मी खिडकी उघडली. नथूशेठ मागं न बघता म्हणाला, तुझा पडदा भंगार हाय. मी म्हणलं, हौसानं घेतलाय, तोंड सांभाळ. साहेब लोक चढून बस निघाली तरी आम्ही भांडतच होतो. खोकायला वेळच मिळाला नाही.