सम्राटाचं पारणं

"असा कुत्रा उभ्या वऱ्हाडात नाही!"

हे घेवरचंद कापडवाल्यानं शेलूबाजारात इतक्यांदा सांगितलं होतं की बाजारातल्या गाढवांनाही ते पाठ झालं असावं. कलकत्त्याच्या मेव्हण्यानं एका चिनी दंतवैद्याकडून पिल्लू घेऊन आगगाडीनं जऊळक्याच्या स्टेशनावर धाडलं, ते साल १९७४. जात चाऊ. मान सिंहासारखी, चाल अस्वलासारखी आणि जीभ जांभूळ खाल्ल्यागत निळी! नाव ठेवलं सम्राट.

"दोन हजार वर्षांचं खानदान हाय! याचे बापजादे चीनच्या बादशासंग शिकारीले जात!"

कुत्र्याचं खानदान मोजणारी माणसं माणसाची जात विचारल्याशिवाय पाणी पाजत नाहीत, हे लिहून ठेवा.

सम्राट मोकळाच हिंडे. बांधला की रुसून दिवसभर भिंतीकडे तोंड करी. बोलावलं तर येत नसे, हाकललं तर जात नसे. घेवरचंद म्हणे, "राजेशाही मिजाज हाय!"

जैनांचं पर्युषण लागलं आणि त्याच दिवशी सम्राटानं वरण-भाकरीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही तेच. घेवरचंदचा ऊर भरून आला.

"कंचन, यानं अठाई धरली! आठ दिवसांचा उपास!"

"तुमी एक तरी दिवस धरला काय?" बायकोनं विचारलं.

"घरातल्या एकानं धरला म्हंजे घराचा झाला!"

चौथ्या दिवशी दुकानासमोर दर्शनाला रांग लागली. सहाव्या दिवशी कंचनबाई कुजबुजली, "अहो, उपाशी कुत्रा जाडा होऊन राह्यला!"

"ते तपाचं तेज हाय!"

नवव्या दिवशी पारण्याची मिरवणूक निघाली. बँड, गुलाल, पुढं हार घातलेला सम्राट, त्याचा दोर धरून मागं फेटा बांधलेला घेवरचंद. छाती अशी फुगलेली की सदऱ्याच्या गुंड्यांनी जीव मुठीत धरला होता! बौद्धवाड्याच्या तोंडाशी सम्राट वळला, त्यानं घेवरचंदला फरफटत वाड्यातल्या विमलबाईच्या दारात नेलं आणि तिथं बूड टेकलं. विमलबाई बाहेर आली. हातात फणी. त्याच फणीनं ती रोज त्याचे केस विंचरी, गोचिडं काढी, उन्हात ओल्या पोत्यावर निजवी.

"काहून रे, पुन्हा आला? सकाळीच तर जेवला!"

घेवरचंदनं मागं मिरवणुकीकडं चोरून पाहिलं. "बाई, हळू बोला! काय जेवला?"

"सुकट-भाकर. काल बोंबील. परवा मटन होतं."

"माझी इज्जत तुमच्या हातात हाय! याले उठवा!"

चार जणांनी दोर ओढला. दोर तुटला. सम्राटानं जांभई दिली.

"वढू नका त्याले," विमलबाई म्हणाली. "तो माणूस पाहून चालते, मालक पाहून नाही."

"मंग तुमीच चाला ना संग."

"कुठून? मागून का पुढून?"

जिला दुकानात लुगडं दुरून फेकून द्यायचा, तिच्याकडं घेवरचंदनं पाहिलं. मागं अख्खा बाजार खोळंबला होता.

"पुढून," तो म्हणाला. "पुढूनच."

विमलबाईनं सावकाश हात धुतले, पांढरं लुगडं नेसली, सांडगे झाकले, कडी लावली. बँड तोवर तीच चाल तिसऱ्यांदा वाजवत होता. मग ती निघाली. मान ताठ, कुणाकडं न बघता. वाड्यातली बायामाणसं ओट्यावर उभी राहून पाहत होती. सम्राट तिच्या टाचेला टाच लावून चालला. असं चालणं चीनच्या बादशानंसुद्धा पाहिलं नसेल!

मंडपात चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आलं. घेवरचंदनं स्वतः वाटी पुढं केली. सम्राटानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"आठ दिसाचा उपाशी अन् पाणीबी घेत नाही?" फूलचंद सराफ खेकसला. "बाई, तुमीच सांगा, काय भानगड हाय?"

घेवरचंदनं हात जोडले. पण विमलबाई आयुष्यात कुणासाठी खोटं बोलली नव्हती.

"त्याचं पोट भरेल हाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "वाटी शेटजीलेच द्या. तोंडावरून तेच उपाशी दिसून राह्यले."

आणि साऱ्या शेलूबाजारासमोर घेवरचंदनं कुत्र्याचं पारणं गटागट पिऊन टाकलं.