तात्या अजून बसलेत

लग्नाचा मांडव उतरवायला आलेली माणसं आमच्या मंगळवार पेठेत आधी शामतात्यांना शोधतात. वऱ्हाड गेलेलं असतं, नवरा-नवरी गेलेली असतात, आचाऱ्यानं पातेली घासायला घेतलेली असतात आणि तात्या मधोमध एका खुर्चीवर निवांत बसलेले असतात. उठा म्हटलं की म्हणतात, "शेवट झाल्याबिगर उठू न्हाय."

तात्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आता ते पुतण्या बघतो, त्यामुळं तात्यांना शेवट बघायला भरपूर वेळ आहे. सिनेमा संपला की ते पडद्यावरची सगळी नावं वाचतात. डोअरकीपर पंखे बंद करतो, तरी वाचतात. एकदा एका पुढाऱ्याच्या सभेला ते एकटेच उरले. पुढारी पुन्हा पुन्हा म्हणत होते, दोन शब्द बोलून थांबतो. पण तात्या हलेनात, म्हणून त्यांनाही थांबता येईना. अखेर त्यांनीच स्टेजवरून तात्यांना हात जोडले.

फुटबॉलच्या सामन्यात पेठेचा संघ पाच गोलांनी मागं पडला, तेव्हा सगळी पेठ शिव्या घालत घरी आली. तात्या थांबले. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरांनी एक गोल मारला. तो त्यांनी आठवडाभर गल्लीत असा काही रंगवून सांगितला, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच जिंकलो.

मी तात्यांना खूप हसायचो. मग पन्नाशीत डॉक्टरांनी माझ्या पोटाकडं बोट दाखवलं आणि मी दहा किलोमीटर पळायच्या शर्यतीत नाव घातलं. रंकाळा तलावापर्यंत पळालो. तिथून पुढं पाय माझे राहिले नाहीत. शाळकरी मुली पुढं गेल्या, एक आजोबा पुढं गेले आणि मागून शर्यतीचं सामान गोळा करणारा टेंपो आला. ड्रायव्हर फार मायेनं म्हणाला, "बसा की पावणं. कोण बघतंय?"

मी दाराला हात घातला, तोच फोन वाजला. तात्या होते.

"कुठं हाईस?"

मी सांगितलं, टेंपोत बसतोय, आता तिथं कोण थांबलंय?

"मी हाय की," तात्या म्हणाले. "ये चालत."

लंगडत, तात्यांच्या नावानं बोटं मोडत मी मैदानावर पोचलो. घरची मंडळीसुद्धा मिसळ खायला गेली होती. शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीची हवा निम्मी काढून झाली होती. उरलेली काढता येत नव्हती, कारण बरोबर तिच्याखाली तात्या खुर्ची टाकून बसले होते. कमान त्यांच्या टोपीला टेकली होती. कामगार बाजूला ताटकळत उभे होते. मी वाकून रेषा ओलांडली. तात्यांनी उठून टाळ्या वाजवल्या, कामगारांनाही वाजवायला लावल्या.

नंतर चहाच्या गाड्यावर मी विचारलं, एवढं अडून कशाला बसलात?

तात्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

"तरणा होतो तवा राधानगरीस्नं हितंपतोर सायकलची शर्यत होती. वाटंत चेन तुटली. ढकलत आलतो. आलो तर मांडव न्हाय, माणूस न्हाय. एक कुत्रं तेवढं बसलं होतं."

"मग?"

"मग काय. त्यालाच सांगितलं, पोचलो म्हणून."

माझा कप तसाच हातात राहिला. तात्यांनी बशी खाली ठेवली.

"पी की. सावकाश पी," ते म्हणाले. "मला कुठं जायचं न्हाय."