दुभाष्याने बेतलेला कोट

सोमवारी सकाळी मास्तरांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर दोनदा घरघरला, त्याचा पडदा आधी निळा झाला, मग काळा झाला आणि नंतर कितीही बटणं दाबली तरी त्याने हूं की चूं केलं नाही. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याच्या पाठीवर थाप मारून पाहिली, वायर काढून पुन्हा लावली. शेवटी स्क्रू उघडून आत काय आहे तेही पाहिलं. आत धूळ, चिंध्यांचे धागे आणि शिवताना बोटात घालायचं एक हरवलेलं अंगुस्तान होतं. अंगुस्तान मिळाल्याचा आनंद काकूंना झाला, पण कॉम्प्युटर गेला तो गेलाच.

मास्तर कोटाचे शिंपी. खाली दुकान, वर घर. सात वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला आणि कागदावर हात लांबवून रेघा ओढणं बंद झालं. कात्री मात्र अजून झकास चाले. तेव्हापासून मास्तर टेपेने माप घेऊन वहीत लिहीत, काकू ते कॉम्प्युटरमधल्या बेतकामाच्या प्रोग्रॅमात भरत, प्रोग्रॅम कोटाचा नमुना साध्या कागदांवर छापून देई आणि ते कागद एकमेकांना चिकटवून मास्तर कापड कापत. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. त्याची एक प्रत काकूंच्या पेनड्राइव्हवर होती, एवढंच नशीब.

आणि शनिवारी वाद्यवृंदाच्या संचालकांचा कोट द्यायचा होता. कापड त्यांना त्यांच्या गुरूंनी मरण्यापूर्वी दिलेलं, तसं पुन्हा मिळणारं नव्हतं. ते देताना संचालक म्हणाले होते, "मास्तर, सात वर्षं मी तुमचे कोट घालतोय. मी वळतो, मग थोड्या वेळाने कोट वळतो. हा एक नीट बसवा. आमच्या बावीस वादकांनाही नवे कोट करायचेत, पण मंडळी तयार कोटांच्या दुकानात जायचं म्हणतायत. तुमच्यासाठी मी आणखी किती भांडू?"

मास्तरांना तो शब्द लागला होता. तयार कोट हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता.

संध्याकाळी सूनबाई दातांच्या दवाखान्यातून परत आली आणि तिने आपला नवा लॅपटॉप काकूंसमोर ठेवला. तो इतका पातळ होता की मास्तरांनी तो उचलून कानाशी हलवून पाहिला.

"एवढ्याशा जिवात कोट मावेल का गं?"

"नाही मावणार, बाबा," सून म्हणाली. "याची ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी आहे. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरसाठी केलेला. यावर इंटरनेट बघायचं, पत्रं लिहायची, झालं."

"चालत नाही म्हणजे नक्की काय होतं?" काकूंनी विचारलं.

"चालत नाही म्हणजे चालत नाही, आई."

काकूंना असल्या उत्तराने आजवर कधी समाधान झालं नव्हतं. मंगळवारी सून कामावर गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमवर टिचकी मारली, तर ही कसली फाइल आहे ते मला ठाऊक नाही, असं लॅपटॉपने सरळ सांगितलं. त्याच्या प्रामाणिकपणाचं काकूंना कौतुक वाटलं. मग त्यांनी शोधाशोध सुरू केली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, तिथून तिसऱ्या ठिकाणी असं करत दुपारपर्यंत त्यांना त्या भानगडीचा पत्ता लागला. दुपारी मास्तर चहा प्यायला वर आले तेव्हा त्या खुशीत होत्या.

"अहो, सापडलं! आपला प्रोग्रॅम वाढला एका घरात. त्याला काही हवं असलं की तो त्या घरच्या भाषेत मागतो. या घरात ती भाषा कुणाला कळत नाही. म्हणून मधे एक दुभाषी बसवायचा. प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

"म्हणजे फसवायचं त्याला."

"फसवायचं कसलं? रुळवायचं."

"घरजावईच की मग!"

"हो ना. मी इथं आले तेव्हा मला नाही कुणी दुभाषी दिला," काकू म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

दुभाषी बसला, पण पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडला तेव्हा सगळी अक्षरं रिकाम्या चौकोनांची होती. काकूंनी अक्षरांची फाइल शोधून आणून घातली. मग अक्षरं आली. आपण ज्या सी ड्राइव्हवर आहोत असं प्रोग्रॅम समजत होता, ती ड्राइव्ह या लॅपटॉपात नव्हतीच. ते नुसतं एका फोल्डरला दिलेलं नाव होतं. हे कळल्यावर काकू कितीतरी वेळ ते फोल्डर उघडझाप करत बसल्या. अख्खं खोटं घर, खिडक्यादारांसकट! त्यात प्रोग्रॅम कसा निवांत बसला होता.

अक्षरं तेवढी बारीक होती. दुभाष्याच्या सेटिंगमध्ये काकूंना एक सरकपट्टी सापडली. तिच्यावर शहाण्णव आकडा होता. काकूंनी पट्टी सरकवली, तशी अक्षरं जराशी मोठी झाली. एकशे एकवर त्या थांबल्या. चष्म्याला तेवढं पुरत होतं आणि आकडाही शुभ होता.

बुधवारी संचालकांची मापं भरून नमुना छापला. कागद निघाले सत्तावीस.

"एरवी तीस निघतात," काकू म्हणाल्या.

"नवं यंत्र काटकसरी असेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री घेतली.

तीन कागद गेले कुठे, हा भुंगा मात्र काकूंच्या डोक्यातून जाईना. गुरुवारी सकाळी त्यांनी टाकाऊ कागदांतून पहिला कागद काढला. त्याच्या कोपऱ्यात प्रोग्रॅम दर वेळी एक चौकोन छापत असे, बरोबर चार इंचांचा. तो कापण्याआधी मोजायचा असतो, पण जुन्या कॉम्प्युटरवर तो नेहमीच बरोबर येई, म्हणून सात वर्षांत त्यांनी तो कधी मोजला नव्हता. आता टेप लावली, तर चौकोन चार इंचांना दीड सूत, म्हणजे इंचाचा जवळजवळ पाचवा भाग, कमी भरला. काकूंनी टेप पुन्हा लावून पाहिली, तरी तेवढाच. अक्षरं मोठी करायला सरकवलेल्या त्या आकड्यावरूनच प्रोग्रॅम इंच मोजत होता, आणि इंचात जास्त ठिपके दाटल्याने कागदावरचा त्याचा इंच आता आखूड झाला होता.

चार इंचांत दीड सूत, तर छातीत दोन इंच! आणि कापड कापून झालं होतं.

मास्तर बाही जोडत होते. काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, घात झाला. कोट लहान कापला गेलाय. सगळीकडून विसातला एक भाग."

मास्तरांची सुई थांबली.

"माया किती ठेवलीय शिवणीत? उसवून वाढवता येईल का?" काकूंनी विचारलं.

"नेहमीइतकीच. पाव इंच."

"मग मला आणखी एक सांगायचंय," काकूंचा आवाज बारीक झाला. "तुम्ही वहीत लिहिता, त्याच्यावर मी छातीला एक इंच वाढवून भरते. बाहीला, उंचीला त्या मानाने. पहिल्या वर्षी एक कोट घट्ट झाला होता आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, आठवतंय? तेव्हापासून. म्हणजे तुमचे त्रेचाळीस, मी भरले चव्वेचाळीस, आणि आता झालेत जेमतेम बेचाळीस. इंचभर कमीच पडणार. गुरूंचं कापड हो ते!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरांनी अर्धी जोडलेली बाही उजेडात धरून पाहिली. मग "बेचाळीस म्हणतेस?" एवढं विचारून त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. थोड्या वेळाने ते गुणगुणायला लागले.

संध्याकाळी सुनेने जिन्यात काकूंना गाठलं. "आई, बाबा गातायत. बरं आहे ना सगळं?"

"धक्क्याने होतं असं माणसाला," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी संचालक आले. काकू इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या राहिल्या, आडोसा असावा म्हणून. संचालकांनी कोट चढवला, बटण लावलं, आरशात पाहिलं. दोन्ही हात वर नेले. झटकन डावीकडे वळले. कोटही वळला, त्याच क्षणी. ते उजवीकडे वळले, खाली वाकले, बोटांनी हवेत एक नाजूकशी खूण केली. कोट अंगाला धरून होता.

"मास्तर," ते म्हणाले, "सात वर्षं ही कला कुठे लपवून ठेवली होती? सोमवारी पाठवतो बावीसच्या बावीस जणांना!"

काकूंना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना हे कोडं सुटेना. कमी पडायला हवा होता तो कोट बसला कसा? "नोंदीसाठी एकदा माप घेते हं," म्हणत त्यांनी स्वतः संचालकांच्या छातीला टेप लावली. बेचाळीस. संचालक जाताच त्यांनी वही उघडली. मास्तरांच्या अक्षरात स्वच्छ त्रेचाळीस होते.

"अहो!"

"माप घेताना लोक पोट आत ओढतात," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "टेप दिसली की जो तो तरुण होतो. म्हणून एक इंच मी वाढवूनच लिहितो."

"आणि माझा एक. म्हणजे सात वर्षं आपण गावाला दोन-दोन इंच सैल कोट घातले? आणि ते संचालक बिचारे सांगत होते, तर आपण म्हणायचो, फार हातवारे करतात म्हणून!"

दोघंही हसत सुटले. हसून झाल्यावर मात्र काकूंनी निक्षून सांगितलं, "आता पुरे. तुम्ही खरं माप लिहायचं, मी लिहिलेलं तेवढंच भरायचं. घ्या शपथ." मास्तरांनी शपथ घेतली. काकूंनीही घेतली. सरकपट्टी त्यांनी शहाण्णववर नेली, चौकोन छापून मोजला. चार इंच, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. अक्षरांसाठी सुनेने त्यांना भिंग आणून दिलं.

सोमवारी पहिले आले ट्रम्पेटवाले. मास्तरांनी माप घेऊन वहीत लिहिलं, एकेचाळीस. वर बसून ते भरताना काकूंचा हात थबकला. सात वर्षांची सवय एका शपथेने सुटते होय? मास्तरांना त्या पुरत्या ओळखून होत्या. त्यांनी इंच वाढवला असणारच, नकळत का होईना. बिचाऱ्यांना बोलून दुखवायचं कशाला? काकूंनी गुपचूप चाळीस भरले.

गुरुवारी कच्ची शिलाई घालून बघायला ट्रम्पेटवाले वाद्य घेऊनच आले. कोट चढला खरा, पण बटण काजापर्यंत येता येता थकलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी ओढून ते लावलं. ट्रम्पेटवाल्यांनी ओठांना ट्रम्पेट लावला, श्वास घ्यायला गेले, आणि निम्म्यातच त्यांचे डोळे मोठे झाले. ट्रम्पेटमधून बारीक चीं असा आवाज आला.

"सुंदर आहे," ते बिचारे कसेबसे म्हणाले. "फक्त... श्वास घ्यायचा असतो आम्हाला."

काकूंनी टेप घेतली. माणूस भरला बेचाळीस, कोट चाळीस. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खडू शोधत होते, आणि खडू तर त्यांच्या कानावरच होता.

"किती घटवलंत?" काकूंनी विचारलं.

"एकच," मास्तर म्हणाले. "म्हटलं, तू काही वाढवल्याशिवाय राहायची नाहीस. तू?"

"एकच," काकू म्हणाल्या, आणि ट्रम्पेटवाल्यांचा जीव मोकळा करायला पुढे झाल्या.