आधी हवेला विचारा

पानसे कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी मिठाची बरणी मागतात.

पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की पोह्यांत मीठ कमी पडलं. ती ओशाळून बरणी घेऊन आली. पानशांनी चिमूटभर मीठ बोटांत चोळलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची ओट्यामागची भिंत पाणी धरतेय." मग ते मीठ त्यांनी पुन्हा बरणीत टाकलं. ते जिना चढून वर जाईपर्यंत सुधाने कसाबसा धीर धरला आणि बरणी मोरीत रिकामी केली.

तेव्हा आम्ही पुण्याहून बदलून नुकतेच लखनौला आलो होतो. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या डोक्यावरच्या क्वार्टरमध्ये पानसे एकटेच राहायचे. त्यांची बायको आम्ही यायच्या आधीच वारली होती. प्रयोगशाळेत रबराच्या चकत्या दमट हवेत ठेवायच्या आणि त्या कधी हार मानतात ते बघायचं, हे त्यांचं काम. तीसेक वर्षं तेच केल्यामुळे जगात जे काही बिघडतं ते हवेतल्या ओलाव्याने, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. लोणचं, तबला, दारं, साडूशी असलेले संबंध, सगळं. कुणी काही तक्रार सांगितली की त्यांचं एकच वाक्य, "आधी हवेला विचारलंत का?"

हवेला विचारायचं त्यांचं साधन घरी होतं. काचेची एक उभी पेटी, आत वरच्या खिळ्याला बांधलेला माणसाचा एक लांब केस, खालच्या टोकाचा एका बारीक चाकाला फेरा आणि त्या चाकावर काटा. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि काटा फिरतो. जुनी विद्या आहे, आम्हा इंजिनियरांना पुस्तकात असते. या पेटीला ते 'बाईसाहेब' म्हणायचे. सकाळी जिन्यात भेटले की, "बाईसाहेब ऐंशी म्हणतायत. छत्री घ्या." मला ते प्रयोगशाळेतल्या माणसाचं लाडकं नाव वाटलं. सुधाला ते खुळ वाटलं.

आता भांगेकडे वळतो. कारण पानशांचं खरं तेज मी तिथे पाहिलं.

आमच्या कॉलनीत होळीला लॉनवर ठंडाई असायची. एक पातेलं पांढरं, एक हिरवं. हिरव्यात भांग. आमच्याकडे सत्यनारायणाला शिरा लागतो तितक्याच साधेपणाने इथल्या होळीला ती लागते, आणि सरकारी परवान्याच्या दुकानात ती उघड मिळते. पण आमच्या पहिल्याच होळीला त्या हिरव्या पातेल्याने घात केला. पाला बुरसलेला निघाला. अर्धी कॉलनी उलट्यांनी आडवी झाली. सुधा तीन घोट घेऊन दोन दिवस अंथरुणाला खिळली, आणि आधीच नावडतं लखनौ तिच्या मनातून पार उतरलं. कमिटीचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी यांनी जाहीर केलं, "बस, बहुत हो गया. अब से सिर्फ़ सफ़ेद वाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पानसे उभे राहिले. ते स्वतः भांगेला कधी शिवत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"श्रीवास्तवजी, भांग का दोष नहीं है. नमी का दोष है. एक साल दीजिए. पत्ती मैं देखूँगा."

श्रीवास्तवजी हसले. पण पुढे म्हणाले, "ठीक है पानसे साहब, एक मौका. इस बार किसी का पेट खराब हुआ, तो हरा पतीला हमेशा के लिए बंद."

थंडी पडल्यावर पानशांनी मला स्कूटरवर मागे बसवून जुन्या शहरात, चौक नावाच्या भागात नेलं. लल्लन महाराजांचं भांगेचं दुकान एका गल्लीत होतं, मागे पाला ठेवायची अंधारी खोली. ठेकेदाराकडून माल अर्धवट वाळलेला यायचा आणि महाराज तो तसाच पोत्यांत कोंबायचे. पानशांनी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून हुंगला आणि माझ्या नाकाखाली धरला. ओल्या गोधडीचा वास होता.

"साहब, पत्ती तो चुरमुर है," महाराज म्हणाले.

"पत्ती चुरमुर है, डंठल गीला है," पानसे म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत शिकवणी सुरू झाली. "पापड वरून वाळतो पण आत ओला असतो की नाही? तसंच हे. पान आधी वाळतं, देठात पाणी राहतं. पोत्यात बांधलंत की देठातलं पाणी हळूच पानात येतं आणि बुरशीची चैन होते. म्हणून सावलीत, पातळ पसरून, हळू. देठ वाकला तर थांबायचं. कट्‌कन मोडला तर डब्यात. आणि डबा रोज उघडायचा. झाकणाला आतून दव दिसलं की पुन्हा सगळं बाहेर."

पण लखनौचं धुकं काय चीज आहे हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल. जानेवारीत तिथे वाळत घातलेला बनियन आठवडाभर रुसून बसतो. तिथे पाला वाळवायचा! पानशांनी खोलीची बंद खिडकी स्वतः ठोकून उघडली, बाजांवर जुनी मलमल ताणून त्यावर पाला पसरला, आणि रोज ऑफिस सुटलं की सफारी सूट आणि माकडटोपी अशा थाटात ते भांगेच्या दुकानात हजर. आमच्या महाराष्ट्र मंडळात बातमी गेलीच. "पानसे रोज चौकात जातात म्हणे, भांगेच्या दुकानात." एकदा स्वेटरला हिरवं पान चिकटलेलं घेऊन ते हळदीकुंकवाच्या बायकांसमोरून गेले, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. मी त्यांना म्हटलं, "अहो, लोक काय म्हणतायत माहीत आहे का?" ते म्हणाले, "लोकांना काय विचारता? हवेला विचारा."

एका संध्याकाळी आम्ही पोचलो तर खोली उबदार! महाराजांनी घाई होऊन मधोमध कोळशाची शेगडी पेटवली होती. पानशांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवल्याचं मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांनी मफलर हाताला गुंडाळला, ती धगधगती शेगडी उचलली आणि गल्लीत नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "महाराज, इतना सुखाओगे तो भूसा हो जाएगा. न ख़ुशबू, न स्वाद. धुआँ अलग से बैठेगा." शेगडीजवळचा पाला बोटांत धरला तर त्याचा चुरा झाला आणि त्याला नुसत्या गवताचा वास होता. महाराज तसेच उठून निघाले. मग बाहेर शेगडीभोवती हात शेकायला जमलेल्या लोकांना त्यांनी उगाचच दम दिला.

होळी जवळ आली तसं धुकं विरलं. पाला डब्यांत भरायचा दिवस ठरवायचा होता. पानशांनी काचेची पेटी शालीत गुंडाळली आणि मी ती स्कूटरवर मागे बसून मांडीवर धरली. मी हुशारी करून ऑफिसातलं ओलावा मोजायचं दोन थर्मामीटरचं यंत्रही घेतलं होतं. खोलीत दोन्ही शेजारी ठेवली. माझं यंत्र म्हणालं साठ. बाईसाहेब म्हणाल्या बहात्तर.

"बरोबर," पानसे म्हणाले. "बारा वजा करा. साठ. आणा डबे."

देठ मोडून बघितले. कट्, कट्. डबे भरले, झाकणं लागली.

परतताना मी म्हटलं, "पानसेसाहेब, केस जुना झालाय. बाराचा फरक म्हणजे काय थट्टा आहे? बदलून टाका की."

ते नुसतं म्हणाले, "चालतंय."

मी घरी सांगितलं तेव्हा सुधाला त्यांची दया आली. तिचे केस कमरेच्या खाली यायचे. एक चांगला लांब केस साबणाने धुऊन, कागदात गुंडाळून तिने त्यांच्या हातात ठेवला. पानसे त्या कागदाकडे बघत राहिले, मग हात जोडून म्हणाले, "वहिनी, उपकार आहेत. पण नको." आणि मीठ न मागता निघून गेले. आमचं काय चुकलं ते कळेना.

पुढे डबे रोज उघडले गेले. झाकणं कोरडी राहिली. होळीच्या सकाळी महाराज स्वतः पाला घेऊन आले आणि लॉनवर पाटावरवंट्याने वाटायला बसले. बडीशेप, मिरी, बदाम आणि तो ताजा हिरवा वास. श्रीवास्तवजी पहिला पेला पानशांच्या समोर प्यायले आणि वाट बघत उभे राहिले. काही झालं नाही. मग दुसरा घेतला. मग ते गायला लागले, तो प्रश्न वेगळा.

सुधाने नको नको म्हणत अर्धा पेला घेतला. थोड्या वेळाने ती हसायला लागली. श्रीवास्तवीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मोडक्या हिंदीत त्यांना मिठाच्या बरणीची गोष्ट सांगत होती. लखनौला आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. वळून पाहिलं तर पानसेही तिच्याकडेच बघत होते. मग ते हळूच वर निघून गेले.

मी गुजियांची, म्हणजे इथल्या करंज्यांची, बशी घेऊन मागोमाग गेलो. ते पेटीसमोर खुर्चीत बसले होते, गालाला गुलाल तसाच.

"आमची ही लग्न होऊन आली ती होळीच्या तोंडावर," ते म्हणाले. "ना भाषा, ना माणसं. आठवडाभर नुसती खिडकीत उभी. मला वाटलं, ही काही टिकत नाही इथे. मग त्या लॉनवर चुकून हिरवा पेला घेतला, आणि अशीच हसली. आज वहिनी हसल्या ना, अगदी तशीच. दुसऱ्या दिवसापासून ती इथली झाली." मग म्हणाले, "ते पातेलं बंद कसं होऊ देणार?"

माझी नजर पेटीतल्या केसावर गेली. लांब, वरून काळा, मुळाशी पांढरा. इतक्या दिवसांत हा केस कुणाचा, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"तिच्या कंगव्यातला," पानसे म्हणाले. "यंत्र बिघडलेलं नाही, लिमये. ती पहिल्यापासूनच थोडं वाढवून सांगायची. ताप शंभर असला की एकशेदोन म्हणायची. मी तेवढं वजा करून घ्यायचो. अजूनही घेतो."

खालून लॉनवरचा हसण्याचा आवाज येत होता. बशी टेबलावर ठेवून मी विचारलं, "आज काय म्हणतात वहिनी?"

पानसे चष्मा पुसून पुढे वाकले. काटा नीट बघितला.

"म्हणते, हवा फार चांगली आहे."

आणि त्यातून त्यांनी काहीही वजा केलं नाही.