बिननावाचा नमुना

आमच्या थेरगावच्या सोसायटीत नलूमावशी कुणाकडे चहाला आल्या की आधी कच्चं दूध मागतात. पर्समधून लॅक्टोमीटर निघतो, भांड्यात तरंगतो, आणि चष्मा वर करून मावशी निकाल देतात, "नियमात बसत नाही." मग त्याच दुधाचा चहा दोन कप पितात.

नोकरी सरकारी प्रयोगशाळेत, दूध तपासण्याची. निवृत्त झाल्या, पण तपासणी काही थांबली नाही. डांगे चौकाजवळच्या एका लग्नात त्यांनी बासुंदीत आयोडीनचा थेंब टाकला. वाटी निळीशार! केटरर गयावया करू लागला, "मावशी, घट्टपणासाठी कॉर्नफ्लॉवर घातलंय हो, विष नाही."

"मग बासुंदी कशाला म्हणता? गोड पिठलं म्हणा!"

वरमाय रडायला लागली. तेव्हापासून कुणाकडे कार्य असलं की मावशींना पत्रिका मिळते, पण कार्य उरकल्यावर.

"तुमच्या कायद्याला भावना नसतातच का हो?" मी एकदा चिडवलं.

"भावनांचं ठाऊक नाही. स्निग्धांश असतो." मावशी हसल्या. त्या दिवशी मला त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतीचं कळलं.

मारुंजीला त्याच्या म्हशी होत्या. प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. मावशींनी एका नमुन्यात पाणी पकडलं आणि 'कमी दर्जाचं' असा अहवाल दिला. दूध निघालं श्रीपतीचं. दंड झाला, गिऱ्हाइकं तुटली.

तो दारात येऊन उभा राहिला. "आक्का, माझं हाय ते तुला ठावं नव्हतं, व्हय ना?"

"नव्हतं," मावशी म्हणाल्या. तिथंच थांबायचं. पण पुढं म्हणाल्या, "ठाऊक असतं तरी तेच लिहिलं असतं."

तो पाणीही न पिता गेला. म्हशी विकल्या, गोठ्याच्या जागी आयटीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. भाऊबीजेचं बोलावणंही बंद झालं.

"अहवाल बरोबरच होता गं," मावशी मला म्हणाल्या. "बोलले, ते नको होतं."

गेल्या दिवाळीत त्यांनी मला मारुंजीला न्यायला सांगितलं. स्कूटरवरून उतरून त्या इमारतीखाली उभ्या राहिल्या. वरच्या गॅलरीत श्रीपती दिसला. मावशींनी हात वर केला. त्यानं पाहिलं, जरा थबकला, आणि आत गेला. खाली येत असेल म्हणून आम्ही वाट पाहिली. जिन्यात पावलं काही वाजली नाहीत.

"धार काढायला म्याच शिकवलं त्याला," पार्किंगमधल्या मोटारसायकलींकडे बघत मावशी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. "हात इवलंसं. म्हशीला लई भ्यायचा. म्या मागं बसून त्याच्या बोटांवर बोटं धरायची."

मी स्कूटर चालू केली. मावशी बसेनात.