नीलम्माच्या घरी तपासणी पथक

गरीब देशांना कर्ज कसं द्यावं, हे अख्ख्या सोलापुरात गुरुराज सरांइतकं कुणालाच कळत नव्हतं. हे मत सरांचंच होतं, पण एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवल्यावर माणसाला स्वतःबद्दल एवढं मत असायला हरकत नाही. जागतिक बँकेचा धडा आला की सर खुलायचे. "अतिगरीब देशाला व्याज जवळजवळ नाहीच," ते टेबलावर बोट आपटून सांगायचे, "फेडायला पस्तीस-चाळीस वर्षं, सुरुवातीची काही वर्षं तर हप्तासुद्धा नाही. पण पैसा एकदम हातात द्यायचा नाही! आधी आराखडा, मग अटी, मग तपासणी पथक, आणि मग टप्प्याटप्प्यानं पैसा." मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. सर विसरले नाहीत, तिथंच घात झाला.

त्यांची धाकटी बहीण नीलम्मा अक्कलकोट रोडला राहायची. पाठीच्या दुखण्यानं नवरा घरी बसला होता आणि संसार तिच्या कडक भाकऱ्यांवर चालला होता. रोज दोनशे भाकऱ्या ती हातानं थापायची. एका व्यापाऱ्यानं तिच्याकडं पुण्याला पाठवण्यासाठी रोज आठशे मागितल्या. एक तारखेपासून जमलं तर बघा, नाहीतर मी दुसरीकडं जातो, असं तो स्पष्ट सांगून गेला. हातात एकच महिना होता. नीलम्मा थेट भावाकडं आली.

"अण्णा, भाकरी थापायचं मशीन घ्यायचंय. चाळीस हजार लागत्यात. दोन वर्षांत फेडते की."

सरांच्या पत्नी दानेश्वरीबाई कपाटाची किल्ली आणायला उठल्यासुद्धा. सरांनी त्यांना हातानंच खाली बसवलं.

"नीला, व्याज शून्य. मुदत दहा वर्षं. पहिली दोन वर्षं हप्ता नाही."

नीलम्माचे डोळे भरून आले. "लई मोठं मन हाय तुजं."

"फक्त एक आराखडा दे. पाच पानी. पैसे टप्प्यानं मिळतील."

ती गेल्यावर दानेश्वरीबाई म्हणाल्या, "अहो, ती तुमची बहीण आहे, देश नव्हे."

"तत्त्व तेच," सर म्हणाले.

आठवी शिकलेल्या नीलम्माचे आठ दिवस आराखड्यात गेले. दोन पानं भरली आणि तिसऱ्यावर तिनं 'एवढंच हाय' असं लिहिलं. सरांनी मोठ्या मनानं तेही मंजूर केलं, पहिल्या टप्प्याचे पाच हजार पाठवले आणि चार दिवसांनी तपासणी पथक घेऊन निघाले. पथकात सरांखेरीज दोघं होते. एक संख्याशास्त्राचे सयाजी सर, दुसरे निवृत्त बँक मॅनेजर महिपतराव.

आता माहेरचा माणूस दोन पाहुणे घेऊन दारात आल्यावर बाईनं काय करावं? त्या दिवशी चुलीवर एक भाकरी पडली नाही. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, शिजली, तिच्यावर तुपाची धार पडली, शेंगापोळ्या झाल्या. सयाजी सरांनी हुग्गी तीनदा घेतली. निघताना तिघांना टॉवेल, टोपी आणि नारळ. प्रकल्पाची जागा बघायची राहूनच गेली, पण भेट समाधानकारक झाली असं तिघांचंही मत पडलं.

पुढच्या आठवड्यात हिशेब आला. पाच हजारांपैकी मशीनच्या विसारापोटी गेले होते फक्त एक हजार! बाकीच्यापुढं 'घरखर्च' एवढंच लिहिलेलं. महिपतरावांनी चष्मा वर केला. "निधी अनुत्पादक खर्चाकडं वळवलेला दिसतो." सयाजी सरांनी त्याचा आलेखही काढला. दुसरा टप्पा थांबला आणि चौकशीसाठी दुसरी भेट ठरली.

"या की," नीलम्मा फोनवर म्हणाली. आवाज जरा बारीक येत होता, पण रेंज नसेल असं सरांना वाटलं.

आधी टॉवेल-टोपी केल्यावर दुसऱ्या खेपेला त्याहून कमी कसं करायचं? या वेळी शर्टाची कापडं निघाली. जेवणात पुरण होतं. पुरणाचा घास तोंडात असतानाच महिपतरावांनी विचारलं, "ताई, मागचे चार हजार नेमके कुठं गेले?"

नीलम्मानं ताटांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "खर्चलं की, घरात."

अहवाल तयार झाला: लाभार्थी सहकार्य करते, परंतु तपशील देत नाही. तिसरी भेट आवश्यक.

तो अहवाल सर घरी मोठ्यानं वाचत होते. दानेश्वरीबाई इस्त्री करत होत्या.

"हे शर्टाचं कापड कुठलं?"

"नीलानं दिलं. सगळ्यांनाच दिलं."

"आणि तो टॉवेल?"

"तोही सगळ्यांना."

बाईंनी इस्त्री बंद केली आणि बोटांवर मोजायला घेतलं. तूप, गूळ, टॉवेल, कापडं, बुडालेल्या दोन दिवसांच्या चारशे भाकऱ्या. बोटं संपली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं कर्ज तुमच्या पथकानं खाल्लं."

सरांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच त्यांनी उरलेले पस्तीस हजार काढले, रिक्षा केली आणि बहिणीचं घर गाठलं. तीन तारीख होती. दाराला कुलूप होतं. सर पायरीवर बसून राहिले. दुपारी दीडला नीलम्मा आली, हात पिठानं पांढरे.

"कुठं गेली होतीस?"

"मागल्या गल्लीतल्या पार्वतम्माकडं, तीबी भाकऱ्याच करते. तिनं मशीन घेतलं. व्यापारी तिच्याकडं गेला. मी जाते तितं रोजावर, भाकऱ्या भाजायला. हेबी तितंच हायत, बसून भाकऱ्या मोजत्यात."

"तिला पैसे कुणी दिले?"

"कर्जवाल्या कंपनीनं. सव्वीस टक्क्यानं."

"सव्वीस! अगं, मी शून्यानं देत होतो."

"व्हय की. पर त्यो मानूस दारातच उभा ऱ्हायला. सही घेतली, पैशे दिलं आन् गेला. पानीबी प्याला न्हाय." नीलम्मा रागावली नव्हती. भाकरीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "तुजं स्वस्तातलं कर्ज मला परवडलं न्हाय, अण्णा."

सरांनी पाकीट पुढं केलं. "हे घे. अट नाही, काही नाही. चुकलं माझं."

"आता मशीन घिऊन भाकऱ्या इकू कुनाला?" तिनं पाकीट उचलून त्यांच्या पिशवीत परत ठेवलं आणि पिशवीचा बंदही लावून दिला.

सर उठले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "जेवायचं काही करू नकोस हं, मी जेवूनच आलोय," ते म्हणाले. या घरात ही थाप आजवर कधी चालली नव्हती. नीलम्मा पिशवी हिसकावून घ्यायची, हाताला धरून पाटावर बसवायची, वाढल्यावर वर आणखी वाढायची. सरांनी एक चप्पल घातली. मग जरा थांबून दुसरी घातली.

"बरं," नीलम्मा म्हणाली. "जपून जा."

सर उपाशीपोटी बसस्टॉपपर्यंत चालत गेले.